गोधडीवरच्या कविता पुरेत!

एस. वाय. बी. ए.

आपल्या महाविद्यालयाचे जुने वार्षिक अंक ग्रंथालयात बसून चाळले, तर एक गंमत ध्यानात येते. ‘आई’ या विषयावरची कविता नाही असा अंक सापडत नाही आणि त्या कवितेत गोधडी नाही असे क्वचितच घडते. गोधडीत आईची माया असते, गोधडीला आजीच्या लुगड्याचा वास असतो, गोधडीच्या टाक्याटाक्यात आठवण असते, असे आपण वर्षानुवर्षे लिहीत आलो आहोत. या कवितांच्या खाली ज्यांची नावे आहेत त्यांपैकी कितीजणांनी सुईत दोरा ओवला आहे, हा प्रश्न मी विचारणार आहे. त्यात कुणाला कमी लेखण्याचा हेतू नाही. पण ज्या वस्तूवर आपण इतके लिहितो ती तयार कशी होते, हे आपल्याला ठाऊक नसावे, आणि ठाऊक नसल्याचे काही वाटूही नये, हे मला खटकते.

गोधडीची ऊब मायेतून येत नाही. ती थरांतून येते. थरांच्या मध्ये जी हवा अडकून राहते ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. थर जागेवर राहावेत, गोळा होऊ नयेत, धुतल्यावर एका कोपऱ्यात जाऊन बसू नयेत, म्हणून टाके. म्हणजे गोधडी हा आधी एक हिशोब आहे. माया असेलही, पण हिशोब चुकला तर मायेच्या गोधडीतही थंडी वाजते.

हा हिशोब आमच्या चऱ्होलीत ज्या बायकांना येतो त्यांतल्या बहुतेकींनी शाळेचे तोंड पाहिलेले नाही. माझी आजी त्यांतलीच. नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार, मीटरमध्ये सव्वाआठच्या जवळपास. त्याची चौघडी घातली की लांबी भरते दोन मीटरच्या किंचित वर, आणि पन्हा सव्वा मीटरच्या आतबाहेर. दोन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद आणि चार पदरी! एका माणसाला डोक्यापासून पायापर्यंत पुरेल असे हे माप कुणी ठरवले? कुणीच नाही, लुगड्यानेच ते ठरवले. एका लुगड्याची पातळ वाकळ होते, ती उन्हाळ्यात खाली अंथरायला. दोन लुगडी घातली की थंडीची गोधडी. वरचा पदर चांगला हवा म्हणून त्यातल्या त्यात धड लुगडे वर. जे कोपराशी, गुडघ्याशी विरले असेल ते आत. लुगड्याचे काठ मात्र आत घालीत नाहीत. काठ जाड विणीचा, तो टिकतो, म्हणून तो उसवून गोधडीला चारी बाजूंनी गोट म्हणून लावायचा. इरकलीचा काठ असला तर गोधडीचे रूपच पालटते.

आता कापड जुनेच का? गरिबीमुळे, असे उत्तर आपण देऊ. ते खरे आहे, पण अर्धेच. नव्या कापडात खळ असते, सुई अडते, आणि मुख्य म्हणजे नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. चार थर चार परींनी आटले की गोधडीला सुरकुत्या पडतात आणि दोरा ताणून तुटतो. शेकडो वेळा धुतलेले लुगडे जेवढे आटायचे तेवढे आटून मोकळे झालेले असते. मी आजीला विचारले, हे तुला कुणी शिकवले? ती म्हणाली, “शिकवायचं काय त्यात? कापड कुठवर आलंय ते बोटाला कळतं.”

जमीन झाडून त्यावर थर पसरायचे, कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, दगड, जे जड हाती येईल ते ठेवायचे. मग लांबलांब कच्चे टाके. ते शेवटी काढून टाकायचे असतात. पण ते घातले नाहीत तर पुढचे सगळे वाकडे. त्यानंतर धावदोरा. आमच्याकडे तो काठाकडून सुरू होतो आणि चौकोनात चौकोन घालीत आत आत जातो, तो मध्यावर येऊन संपतो. पाश्चात्त्य पद्धतीच्या गोधड्यांची माहिती वाचली तर तिथे बहुधा उलटे सांगितलेले असते : मध्यापासून सुरू करा आणि कापडातला फुगा बाहेर काठाकडे ढकलत न्या. दोन्हींत तथ्य आहे. त्यांची गोधडी लाकडी चौकटीवर ताणलेली असते. आमची जमिनीवर दगडांखाली. आधी काठ बांधून घेतला की थर हलत नाहीत, आणि फुगा येऊ नये म्हणून बाई स्वतःच गोधडीवर बसून डाव्या तळव्याने कापड पुढे सारत राहते. कर्नाटकात उत्तर कन्नडच्या रानातल्या सिद्दी बायका ‘कवंडी’ शिवतात, तीही काठाकडूनच आत येते. तिच्या चारी कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची ‘फुले’ लावतात. सोलापूरच्या बाजूला गोधडीला कौदी म्हणणारे लोक आहेत. बंगालची कांथा, बिहारची सुजनी याही जुन्या कापडाच्या थरांवर साध्या धावदोऱ्याच्याच. एवढ्या मोठ्या मुलखात न शिकलेल्या बायकांनी एकच टाका निवडावा, याला योगायोग कसे म्हणायचे?

आपली इंद्रायणी लोणावळ्याकडून येते. तिच्याच खोऱ्यात कार्ल्याची आणि भाज्याची लेणी आहेत. तिथे राहून गेलेल्या भिक्षूंचे चीवरही तुकडे जोडून शिवलेले असे. विनयपिटकात कथा आहे की मगधातील भातखाचरांची रचना पाहून तसे चीवर बेतता येईल का, असे भगवान बुद्धांनी आनंदाला विचारले आणि आनंदाने ते बेतून दाखवले. त्या बेतण्याचे बुद्धांनी कौतुक केले. खाचरे, बांध, पुन्हा खाचरे! आमच्या माळावरून, वाघेश्वराच्या देवळापासून खाली पाहिले की अजून थोडी शेते तशी दिसतात. बाकी आता इमारती. हा विषयांतराचा दोष पत्करून सांगते, कारण गोधडीला ‘बायकांचे काम’ म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांना आनंद हा पुरुष होता हे ठाऊक असावे. संत नामदेवही शिंपीच. ज्ञानेश्वर माउलींच्या समाधीचा प्रसंग ज्यांनी अभंगांतून सांगितला त्यांच्या घरचा धंदा सुई-दोऱ्याचा होता, आणि ही समाधी आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर आहे.

आता मुख्य गोष्ट. कुठलाही फॉर्म भरताना ‘छंद’ असा एक रकाना असतो. वाचन, संगीत, क्रिकेट असे आपण त्यात लिहितो. मी ‘शिवणकाम’ लिहिले तेव्हा एका मैत्रिणीने “टेलरिंग म्हणजे काय हॉबी आहे का?” असे विचारले. तिचा प्रश्न मला आधी लागला, पण नंतर बरोबर वाटला. शहरात हल्ली गोधडी ही खरोखरच छंद झाली आहे. आमच्याकडच्या नव्या सोसायट्यांतल्या काही बायका सुट्टीच्या दिवशी एकत्र बसून तुकड्यांचे काम करतात. पिशव्या, उशांचे अभ्रे, बाळाची दुपटी शिवतात. त्यांची रंगांची जाण चांगली आहे आणि मी त्यांना हसत नाही. नोकरी करून, घर सांभाळून दोन तास सुईशी बसावेसे वाटणे ही वाईट गोष्ट नव्हे. पण त्यासाठी त्या नवे सुती कापड विकत आणतात, ते कापून लहान करतात आणि पुन्हा जोडतात! आजीने हे पाहिले तेव्हा तिला त्यातले काहीच कळेना. धड कापड फाडायचे कशाला?

मी आजीला सरळ विचारले, “तुला गोधडी शिवायची आवड होती का गं?” 

“आवड कसली, थंडी व्हती,” ती म्हणाली.

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. आपल्या सगळ्या कवितांत हे उत्तर कुठे नाही. सुगी आटोपल्यावर, पावसाच्या आत, दुपारी जेवणे झाल्यावर जो वेळ मिळे त्यात गोधड्या होत. घरात माणसे किती, पाहुणे किती, बाळंतिणीची खोली कुणाची, यावर गोधड्या किती ते ठरे. नवरात्राच्या आधी घटस्थापनेपूर्वी गावातल्या सगळ्या गोधड्या नदीवर जात. ओली गोधडी एकटीला पिळता येत नाही. दोघी दोन टोकांना धरून पीळ घालतात. आता इंद्रायणीच्या पाण्यावर अनेकदा पांढरा फेस दिसतो, आणि त्यात गोधडी घालण्यापेक्षा न धुतलेली बरी असे आई म्हणते. ती घरी नळावर धुते. भिजलेली गोधडी एवढी जड होते की यंत्राला ती झेपत नाही. तेव्हा सोलापुरी चादर आणि पुढे हलकी रंगीत ब्लँकेटे घरात आली याचा आजीला आनंदच झाला होता. गोधडी गेली म्हणून रडायला ती काही बसली नाही. जी गोष्ट गरजेपोटी झाली तिला छंद म्हणणे हे जसे चूक, तसेच तिच्यावर मायेचा मुलामा देणे हेही चूक.

मग गरज संपली, गोधडी संपली, विषय मिटला, असे कुणी म्हणेल. पण विषय मिटलेला नाही. गरज संपली तरी हात संपलेले नाहीत, आणि त्या हातांचे काय झाले हे आपल्या भागात राहणाऱ्यांनी तरी पाहायला हवे. चऱ्होली १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आली. पलीकडे चाकणच्या बाजूला मोटारींचे कारखाने आहेत. मोटारीच्या बैठकीला जे आवरण असते ते शिवावे लागते. लोखंड वाकवणारी यंत्रे आली तरी कापडाला टीप घालायला अजून माणसाचा हात लागतो. माझी चुलती अशाच एका कारखान्यात कंत्राटावर आवरणे शिवायला होती. भरती करताना शिवून दाखवायला सांगितले. तिने वळणावर टीप न तुटता दाखवली आणि तिला घेतले. तिथे तिला ‘ऑपरेटर’ म्हणत, हजेरीपत्रक होते, जास्त वेळ थांबले तर त्याचे पैसे होते. कंत्राट संपले आणि ती घरी आली. आता ती ऑर्डरप्रमाणे गोधड्या आणि दुपटी शिवते, साड्यांना पिको-फॉल करते. हात तोच, डोळा तोच. पण आता तिला कुणी विचारले तर ती म्हणते, “काही नाही, घरीच असते.” हे ‘काही नाही’ तिने कुठून उचलले?

आणि कापड कुठे जाते तेही बघा. पूर्वी विरलेले लुगडे गोधडीत जाई. आता बोहारीण येते, जुन्या साड्यांच्या गाठोड्यावर स्टीलचा डबा देते, आणि आपल्याला वाटते डबा फुकट मिळाला. जुन्या सुती कापडाच्या चिंध्या पुढे किलोवर विकल्या जातात आणि कारखान्यांत यंत्रांचे तेल पुसायला लागतात. म्हणजे आजीच्या वेळची गोधडी आज तेलकट होऊन चाकणच्या एखाद्या कचरापेटीत पडलेली असू शकते. यात कुणाचा गुन्हा नाही. मात्र सुती लुगडे घरात उरले नाही हे खरे. आईच्या साड्या पॉलिएस्टरच्या. त्या घामाला चिकटतात, सुईखालून निसटतात, थर एकमेकांवरून घसरतात, आणि चुलीची ठिणगी पडली तर भोक पडून कडा वितळतात. चुलतीने त्यावर तोड काढली आहे : आत जुन्या सुती चादरी, धोतरे आणि पंचे, आणि साडी फक्त वरून; धावदोऱ्याच्या ओळी नेहमीपेक्षा जवळ जवळ. रंग मात्र झकास दिसतो. कला जिवंत आहे की मेली यावर चर्चासत्रे भरतात तेव्हा ही ओळ जवळ घेण्याची युक्ती कुणी सांगत नाही.

शिवणाच्या यंत्राविषयी एक गैरसमज आपल्यात आहे की यंत्र आले आणि हातकला बुडाली. यंत्रांवर सडकून टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली एका संभाषणात शिवणाच्या यंत्राला अपवाद म्हणून बाजूला काढले होते. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरने ते घडवले, त्यामागे प्रेम होते, असे त्यांचे म्हणणे. (सिंगरचे चरित्र पाहता हे प्रेम शंकास्पद आहे, पण यंत्र चांगले आहे.) पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये सेवासदन सुरू झाले, तिथे बायकांना जे शिकवीत त्यात शिवणही होते, कारण सुईने पोट भरता येते हे त्या काळच्या सुधारकांना नीट कळत होते. आपल्याला कळेनासे झाले आहे. आळंदीच्या रस्त्यावरच्या टेलरच्या दुकानांत बसलेले बहुतेक पुरुष आहेत. दुकानात बसला की शिंपी, घरात बसली की छंद किंवा माया!

मी एक हिशोब केला. गोधडी दोन मीटर लांब आणि एक मीटर वीस सेंटिमीटर रुंद धरली आणि दोन ओळींमध्ये अंगठ्याएवढे, म्हणजे दोन सेंटिमीटर अंतर धरले, तर साठ ओळी होतात. प्रत्येक ओळ दोन मीटर, म्हणजे एकशेवीस मीटर धावदोरा. सेंटिमीटरला एक टाका या दराने बारा हजार टाके. चुलतीशेजारी घड्याळ लावून बसले तेव्हा जाड थरांतून मिनिटाला सहा ते सात टाके पडत होते. म्हणजे नुसत्या टाक्यांचे तीस तास. कापड धुणे, उसवणे, बेतणे, कच्चे टाके आणि गोट लावणे याचा वेळ मी धरलेलाच नाही. आमच्या आळीत एका गोधडीच्या शिलाईला आठशे रुपयांच्या वर सहसा कुणी देत नाही. तासाला सव्वीस-सत्तावीस रुपये झाले. आणि तेवढ्यावरही लोक घासाघीस करतात. “घरबसल्या तर करता, तुम्हाला काय खर्च?” असे म्हणणाऱ्यांत शिकलेली माणसे असतात, मोटारीतून येतात. त्या मोटारीतल्या बैठकीच्या शिवणीवर त्यांनी शोरूममध्ये घासाघीस केली होती की नाही, कोण जाणे.

यावर उपाय म्हणून कुणी सांगेल की गोधडीला ‘कलेचा दर्जा’ द्या, प्रदर्शने भरवा. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे खेडे आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका शेतावर विरलेल्या पँटी, शर्ट यांच्या गोधड्या शिवत, कारण त्यांच्या घरांतही थंडी होती. २००२ मध्ये या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात लागल्या, नंतर न्यूयॉर्कला गेल्या. २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटे निघाली. चित्रकलेतले जाणकार त्यांच्यापुढे थक्क होऊन उभे राहिले. आणि २००७ मध्ये त्यांतल्या काहीजणींना मोबदल्यासाठी कोर्टात जावे लागले. तेव्हा टाळ्यांनी मजुरी वाढतेच असे नाही. आधी वाढायला हवी ती समोरच्याची समज. आणि बारा हजार टाक्यांतले निदान दोनशे स्वतः घातल्याखेरीज ती येत नाही, असे माझे मत आहे. बोटाला सुई टोचली की घासाघीस करणारी जीभ जरा जड होते.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपण ज्या शाखेत शिकतो तिचे नाव कला शाखा. तीन वर्षांत तिथे कुणाच्या हातात कात्रीही येत नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने कौशल्याला श्रेयांक देण्याचे म्हटले आहे. त्या निमित्ताने संगणकाबरोबर सुईही आत येऊ द्यावी. शिकवायला बाहेरचा तज्ज्ञ नको. आपल्यापैकी निम्म्याजणांच्या घरी आई, आजी, चुलती आहे. त्यांना तासिकेवर बोलवा, आणि पाहुण्या व्याख्यात्यांना मिळते तेच मानधन द्या. नुसता नारळ आणि शाल देऊन पाठवू नका. शाल त्यांच्याकडे आहे. वर्गात मुलगेही बसावेत. इतिहासाच्या मुलांनी लुगड्यांचे काठ ओळखावेत, अर्थशास्त्राच्या मुलांनी माझा वरचा हिशोब तपासावा (चुकला असेल तर त्यांनी पुढच्या अंकात लिहावे), मराठीच्या मुलांनी धावदोरा, कच्चा टाका, गोट, अंगुस्तान, पन्हा, बेतणे हे शब्द बायकांच्या तोंडून ऐकून वहीत उतरवावेत. असे शब्द शब्दकोशात मिळतात, पण ते कधी वापरतात हे तिथे मिळत नाही.

स्नेहसंमेलनात शेलापागोटे, रांगोळी, पाककला असे सगळे असते. या वर्षी एका वर्गखोलीतली बाके बाहेर काढून तिथे एक गोधडी घालावी. प्राध्यापकांनी घरून एकेक जुने सुती कापड आणावे, धोतर, लुगडे, पंचा, काहीही चालेल. पॉलिएस्टर तेवढे नको. कोपऱ्यांवर ठेवायला पाटा-वरवंटा मी आणते. दोन्ही दिवस सकाळी नऊ ते पाच ज्याला वेळ मिळेल त्याने बसून एक ओळ घालावी. संमेलन संपेपर्यंत ती पुरी होणार नाही, हे वरच्या हिशोबावरून दिसतेच. राहिलेल्या ओळी माझी चुलती पुऱ्या करील. तिचा दर मी विचारून ठेवला आहे, आणि तो आठशे नाही.